ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दिव्यांतील शॉर्ट कसा शोधावा?

ऊसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की कारखान्याकडे जाणारे रस्ते रात्रंदिवस वाहू लागतात. तोड दिवसा होते, मोळ्या सायंकाळपर्यंत भरल्या जातात आणि ट्रॉली रस्त्याला लागते ती बहुधा अंधार पडल्यावर. रब्बीच्या सुगीत कडबा, धान्य, कांदा यांची वाहतूकही पुष्कळ वेळा रात्रीच करावी लागते. अशा वेळी ट्रॉलीच्या मागील तांबडा दिवा विझलेला असेल, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास पुढे काय आहे ते अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, ट्रॉलीचा वेग थोडा असतो आणि मागच्या माणसाजवळ ब्रेक लावण्यास अवधी उरत नाही. एका पाच वॅटच्या बल्बावर एका माणसाचा जीव अवलंबून असतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

दिवे बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. बल्ब जातो, वायर तुटते, होल्डर गंजतो. परंतु यांपैकी सर्वांत त्रासदायक व सर्वांत धोक्याचे कारण म्हणजे शॉर्ट. त्रासदायक अशासाठी, की नवा फ्यूज घातला तरी तोही लगेच जळतो आणि दोष कोठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. धोक्याचे अशासाठी, की कंटाळलेला चालक फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळून मोकळा होतो. प्रस्तुत लेखात शॉर्ट म्हणजे काय, तो पद्धतशीरपणे कसा शोधावा आणि कायमचा कसा दुरुस्त करावा, याची माहिती दिली आहे. यास महागडी उपकरणे लागत नाहीत. एक बल्ब, दोन वायरी आणि थोडा धीर एवढे पुरेसे आहे.

शॉर्ट म्हणजे काय?

पाटाचे पाणी शेताच्या टोकापर्यंत नेताना मध्येच पाट फुटला, तर पाणी पिकाकडे न जाता जवळच्या ओढ्याला मिळते. विजेचेही तसेच आहे. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्या एका टोकापासून वीज फ्यूज, स्विच व वायर यांमधून दिव्याकडे जाते आणि दिव्यातून निघून लोखंडी चासीच्या वाटेने बॅटरीच्या दुसऱ्या टोकाकडे परत येते. चासीच्या या परतीच्या वाटेस आपण 'अर्थ' म्हणतो. दिव्याकडे जाणाऱ्या वायरीचे वेष्टन कोठे घासून गेले व आतील तांबे लोखंडास टेकले, की विजेस दिव्यापर्यंत जाण्याची गरज उरत नाही. ती तेथूनच परत फिरते. हाच शॉर्ट होय.

यात किती वीज वाहते, ते हिशेबाने समजून घ्यावे. दिव्याच्या वॅटला व्होल्टने भागले, की प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. ट्रॅक्टरचे दोन व ट्रॉलीचे दोन असे पाच-पाच वॅटचे चार टेललाईट धरले, तर २० वॅट होतात. २० भागिले १२ म्हणजे दोन अँपिअरहूनही कमी. पंचावन्न वॅटचे दोन हेडलाईट असतील, तर सुमारे ९ अँपिअर. परंतु शॉर्टच्या वाटेवर दिवाच नसतो. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे, वाटेतील विरोध जितका कमी तितका प्रवाह जास्त. सर्व वाटेचा मिळून विरोध केवळ ०.१ ओहम राहिला, तर १२ व्होल्टची बॅटरी त्या वाटेने १२० अँपिअर ढकलते. दोन अँपिअरच्या जागी १२० अँपिअर म्हणजे साठपट प्रवाह. आणि वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साठपट प्रवाहास ३,६०० पट उष्णता! वायरीवरील प्लॅस्टिक वितळून धूर निघण्यास यापुढे वेळ लागत नाही.

फ्यूज हा पहारेकरी आहे

हे होऊ नये म्हणूनच फ्यूज बसविलेला असतो. ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेला, की फ्यूजमधील बारीक तार स्वतः वितळते व वाट तोडते. फ्यूज जळणे हा दोष नव्हे, ती दोषाची वर्दी आहे. चोर आला म्हणून ओरडणाऱ्या राखणदाराचे तोंड बांधणे जितके शहाणपणाचे, तितकेच फ्यूजच्या जागी तार बांधणे शहाणपणाचे होय.

सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद, बांधकामाची तार, वायरीतील पिळलेले तांबे, असे नाना प्रकार फ्यूजच्या जागी घातलेले पाहावयास मिळतात. एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळण्यास सुमारे ८० अँपिअर प्रवाह लागतो, हे ध्यानात ठेवावे. दिव्याच्या वायरीतील तांबेही साधारण तेवढेच असते. म्हणजे अशी तार घातल्यावर आधी फ्यूज जळणार, की ट्रॉलीच्या पोटाखालची वायर, हे कोणीच सांगू शकत नाही. त्या वायरीशेजारी वाळलेले पाचट किंवा कडबा असेल, तर पुढील परिणाम सांगावयास नको.

नव्या पट्टीच्या फ्यूजवर रंगावरूनही क्षमता ओळखता येते. तांबडा १० अँपिअर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा असतो. कोणत्या जागी किती अँपिअरचा फ्यूज असावा, हे ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत किंवा फ्यूजपेटीच्या झाकणावर दिलेले असते. त्याहून मोठा फ्यूज कधीही घालू नये.

चाचणी दिवा तयार करा

शॉर्ट शोधताना एकामागून एक नवे फ्यूज जाळणे हा व्यर्थ खर्च आहे. त्याऐवजी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा एक बल्ब व त्याचा होल्डर घ्यावा. होल्डरला दोन हात लांबीच्या दोन वायरी जोडून त्यांच्या टोकांना चिमटे बसवावेत. हाच आपला चाचणी दिवा.

जळालेला फ्यूज काढून, त्याच्या दोन्ही टोकांच्या जागी या दिव्याचे दोन चिमटे लावावयाचे असतात. दिवा २१ वॅटचा असल्याने त्यातून पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह वाहूच शकत नाही. त्यामुळे शॉर्ट कायम असतानाही वायरिंग तापत नाही आणि आपणांस सावकाश शोध घेता येतो. शॉर्ट असेपर्यंत चाचणी दिवा लखलखीत पेटतो. शॉर्टची जागा वेगळी काढली, की तो विझतो. सर्व शोधाचे मर्म एवढेच आहे.

येथे एक गोष्ट विसरू नये. ज्या मार्गाची तपासणी चालू आहे, त्या मार्गावरील सर्व बल्ब आधी काढून घ्यावेत. एलईडी दिवे असल्यास त्यांचे जोड सोडावेत. बल्ब जागेवर राहिले, तर त्यांच्यातून वाहणाऱ्या प्रवाहानेही चाचणी दिवा पेटेल आणि शॉर्ट नसताना शॉर्टचा भास होईल. हेडलाईटच्या बाबतीत ही फसगत हमखास होते. मीटरच्या फळीवरील लहान दिव्यामुळे चाचणी दिवा अंधूक लालसर दिसला, तर तो शॉर्ट समजू नये.

फ्यूज केव्हा जळतो ते आधी विचारा

हत्यार हाती घेण्यापूर्वी चालकास चार प्रश्न विचारावेत. दोषाची वेळ बहुधा दोषाची जागा सांगते.

(१) सर्व स्विच बंद असतानाही फ्यूज जळतो काय? तसे असेल तर दोष फ्यूज व स्विच यांच्या दरम्यान, किंवा स्विचमध्येच आहे.

(२) स्विच लावताच जळतो काय? तर दोष स्विचच्या पुढे, दिव्याच्या बाजूस आहे.

(३) केवळ ब्रेक दाबला असता, किंवा केवळ एकाच बाजूचा इंडिकेटर लावला असता जळतो काय? तर तेवढाच मार्ग तपासावा. इतरत्र हात लावण्याचे कारण नाही.

(४) खड्ड्यात किंवा वळणावर जळतो काय? तर वायर कोठेतरी सैल लोंबत असून हेलकाव्याने लोखंडास टेकते. अशा वेळी उभ्या गाडीत चाचणी दिवा पेटणार नाही. वायर हाताने हलवून पाहावी लागेल.

शोधाची रीत

शोधाचा नियम एकच आहे: मार्गाचे दोन भाग करावेत, दोष कोणत्या भागात आहे ते पाहावे आणि त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. अंदाजाने येथे एक, तेथे एक वायर सोडत गेल्यास दिवस जातो व नवे दोष उत्पन्न होतात.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आहे आणि टेललाईटचा स्विच लावताच फ्यूज जळतो. इंजिन बंद करावे, गाडी सपाट जागी उभी करून चाकांस उटी लावावी. टेललाईटचे सर्व बल्ब काढावेत. फ्यूजच्या जागी चाचणी दिवा लावून टेललाईटचा स्विच चालू करावा. दिवा लखलखीत पेटला, म्हणजे शॉर्ट आहे हे सिद्ध झाले.

आता ट्रॉलीचा प्लग ट्रॅक्टरच्या मागील सॉकेटमधून काढावा. हा मार्गाचा पहिला छेद. दिवा पेटलेलाच राहिला, तर दोष ट्रॅक्टरमध्ये आहे. दिवा विझला, तर ट्रॅक्टर निर्दोष असून दोष ट्रॉलीत आहे. आपल्या उदाहरणात दिवा विझला असे धरू.

प्लग पुन्हा लावावा. दिवा पुन्हा पेटेल. ट्रॉलीच्या पुढील बाजूस, जेथे वायरी एकत्र जोडलेल्या असतात, तेथून मागे जाणारी टेललाईटची वायर सोडावी. दिवा तसाच पेटलेला राहिला, तर दोष प्लग व जोड यांच्या दरम्यान आहे. विझला, तर दोष जोडाच्या मागे, ट्रॉलीच्या पोटाखाली आहे. तो विझला असे समजा. वायर पुन्हा जोडून डावीकडचा व उजवीकडचा फाटा आळीपाळीने सोडून पाहावा. उजवा फाटा सोडताच दिवा विझला, तर शोध चार-पाच हात वायरीपुरता उरला.

आता एका माणसाने चाचणी दिव्यावर नजर ठेवावी व दुसऱ्याने ती वायर वीत-वीतभर धरून हळूहळू हलवीत पुढे जावे. दिवा जेथे लुकलुकेल तेथे हात थांबवावा. बहुतेक वेळा तेथे आडव्या पट्टीच्या धारेवर घासलेली किंवा पत्र्याच्या पकडीखाली चिरडलेली वायर आढळते. फ्यूजपेटीपासून मागील दिव्यापर्यंतचे अंतर कितीही मोठे असले, तरी चार-पाच छेदांत दोष हाती येतो.

वायरींच्या रंगावर मात्र विसंबून राहू नये. ट्रॉलीचे वायरिंग एकाने केलेले असते व दुरुस्ती दुसऱ्याने. तांबड्या वायरीस काळी जोडलेली आढळणे ही नित्याची गोष्ट आहे.

नेहमी दोष आढळणाऱ्या जागा

शॉर्ट कोठेही होऊ शकतो. तथापि पुढील जागा प्रथम पाहिल्यास श्रम वाचतात.

ट्रॅक्टर व ट्रॉली यांमधील वायर: ती फार लांब असेल तर जमिनीवर किंवा हुकावर घासते, फार आखूड असेल तर वळणावर ताणून तुटते.

प्लग व सॉकेट: त्यात चिखल, खताची धूळ व पाणी साचते आणि पिना गंजतात. सुट्या झालेल्या तांब्याच्या केसांसारख्या तारा शेजारच्या पिनेस टेकतात.

पत्र्याच्या छिद्रातून जाणारी वायर: छिद्रातील रबरी कडे निघून गेले, की पत्र्याची धार वायर कापते.

बल्बाचा होल्डर: दिव्याची काच फुटल्यावर पाणी आत जाते. काही वेळा होल्डरमधील स्प्रिंग सरकून कडेस टेकते.

सायलेन्सरजवळून जाणारी वायर: उष्णतेने वेष्टन कडक होऊन त्यास तडे जातात.

मागाहून घेतलेले फाटे: जादा हेडलाईट, शोभेच्या पट्ट्या, गाण्यांचे यंत्र यांसाठी मूळ वायर सोलून केलेले जोड हे दोषाचे मोठे माहेरघर आहे. अशा प्रत्येक जादा उपकरणास स्वतंत्र वायर व स्वतंत्र फ्यूज असावा.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी: गाडी गोठ्यात किंवा धान्याच्या खोलीशेजारी दीर्घकाळ उभी असेल, तर हे अवश्य पाहावे.

शॉर्ट आणि कच्चा अर्थ यांतील भेद

फ्यूज शाबूत आहे, परंतु ट्रॉलीचे दिवे मंद जळतात किंवा इंडिकेटर लावला असता टेललाईटही लुकलुकतो, अशी तक्रार असेल तर तो शॉर्ट नव्हे. तेथे परतीची वाट, म्हणजे अर्थ, कच्चा आहे. पुष्कळ ट्रॉल्यांत अर्थासाठी वेगळी वायर न घालता हुक व पिन यांवरच भिस्त ठेवलेली असते. गंज, रंग व ग्रीस यांमुळे ती वाट भरवशाची राहत नाही. यास्तव प्लगमधून अर्थाची स्वतंत्र वायर ट्रॉलीच्या चासीपर्यंत न्यावी आणि जोडाच्या जागचा रंग खरवडून तेथे बोल्ट घट्ट आवळावा.

दुरुस्ती कायमची करावी

दोष सापडल्यावर वायरीवर नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. ज्या कारणाने वायर घासली, ते कारण दूर करावयास हवे. प्रथम बॅटरीची चासीला जोडलेली तार सोडावी. ही तार सोडताना प्रथम आणि जोडताना शेवटी, असा क्रम ठेवावा. असे केल्याने पाना चुकून लोखंडास लागला, तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असतो, म्हणून तेथे विडी-काडीही नको.

खराब झालेला भाग कापून टाकावा. तेवढ्याच जाडीची नवी वायर घ्यावी. जोड पिळून डाख द्यावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. छिद्रात रबरी कडे बसवावे. ट्रॉलीखालील सर्व वायरी प्लॅस्टिकच्या नळीतून न्याव्यात व ती नळी हात-हात अंतरावर चासीस बांधावी. नळी चाक, धुरा व हौद उचलणारा जॅक यांपासून दूर असावी. मग बल्ब बसवावेत, योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा आणि प्रत्येक दिवा, ब्रेक व दोन्ही इंडिकेटर लावून पाहावेत.

अलीकडच्या काही ट्रॅक्टरांत इंजिनाच्या नियंत्रणासाठी इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात. वर सांगितलेली तपासणी केवळ दिव्यांच्या फ्यूजपुरतीच करावी. अन्य फ्यूज जळत असल्यास जाणकार कारागिराकडेच जावे. ट्रॉलीवर वेल्डिंग करावयाचे असेल, तेव्हाही ट्रॉलीचा प्लग काढून बॅटरी सोडून ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत रस्त्यावरील वाहनाचे दिवे लागलेले असावयास हवेत आणि मागील तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसावयास हवा. हा नियम दंडाच्या भीतीने नव्हे, तर त्यामागील हेतू समजून पाळला जावा, असा आपला प्रयत्न असला पाहिजे.

यासाठी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावात एक सायंकाळ राखून ठेवावी. गावातील ट्रॅक्टर-ट्रॉल्या एके ठिकाणी आणवाव्यात, प्रत्येकीचे दिवे लावून पाहावेत आणि जेथे फ्यूजच्या जागी तार दिसेल, तेथे ती सर्वांसमक्ष काढून शोधाचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. गावच्या कारागिरास या कामी अवश्य बोलवावे. चाचणी दिवा कसा करावा, हे शाळा सोडून शेतीत पडलेल्या तरुणांना शिकवावे. त्यांचे हात या कामात लवकर बसतात. ट्रॉलीच्या मागे व बाजूंना प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्या लावण्याचाही आग्रह धरावा. वायरिंग दगा देईल, परंतु या पट्ट्या मागच्या वाहनाच्या उजेडात तरीही चमकतात. त्यांवर लोंबणारा ऊस व साचलेला चिखल मात्र येऊ देऊ नये.

शेतकरी बंधूंनी आपल्यापुरता एवढाच नेम करावा: पेटीत योग्य क्षमतेचे दोन फ्यूज, दोन बल्ब व एक चाचणी दिवा नेहमी बाळगावा आणि ट्रॉली रस्त्यावर काढण्यापूर्वी एकदा मागे जाऊन सर्व दिवे डोळ्यांनी पाहावेत. फ्यूज जळाला, तर एकदा नवा घालावा. तोही जळाला, तर शोध घ्यावा. आणि रात्री वाटेत शोध लागत नसेल, तर ट्रॉली रस्त्याच्या पूर्ण बाहेर काढून उजाडेपर्यंत थांबावे. ऊस काही तास उशिरा पोहोचला, तर वजनात थोडी तूट येईल. ती तूट पुढील खेपेत भरून काढता येते.